पोस्टर कोणी कापलं, ते मला कळतं

पालकहो, आज मुलांची तक्रार नाही. आज बोलायचं आहे ते तुमच्याबद्दल. मोबाइल खाली ठेवा.

न्यू जर्सीतल्या या रविवारच्या शाळेत मी तुमच्या मुलांना मराठी शिकवते. फेब्रुवारी आला की त्यांच्या रोजच्या शाळेतली ब्लॅक हिस्ट्री मंथची पोस्टरं माझ्यासमोर येतात. ती कोणी केली हे मला लांबूनच कळतं. आठ वर्षांच्या पोराची कात्री इतकी सरळ चालत नाही. रात्री अकराला प्रिंटरमधून मार्टिन ल्यूथर किंग काढायचे, डिंक फासायचा, खाली ‘रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत’ असं लिहायचं, की सुटलो एकदाचे!

काय दमल्या होत्या? १९५५ साली त्या ४२ वर्षांच्या होत्या. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस होत्या. त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. एवढी तयारीची बाई, आणि तुम्ही तिचे पाय दुखवून मोकळे झालात. कारण पोराच्या पुस्तकातली चार पानं वाचायचे कष्टही तुम्ही घेतले नाहीत.

१९२६ साली कार्टर वुडसन यांनी ब्लॅक हिस्ट्रीचा हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तो एका आठवड्याचा होता. गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा कोळशाच्या खाणीत राबला आणि पुढे त्याने हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. मुलांनी वर्षभर शिकावं आणि त्या आठवड्यात ते मांडावं, अशी त्यांची अपेक्षा होती. तुम्ही वर्ष गाळलंत आणि मांडणी तेवढी ठेवलीत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आडात काय आहे तेही सांगते. नेवार्कच्या एखाद्या सिग्नलला फुटपाथवर चार काळी पोरं दिसली, की तुम्ही गाडीची दारं लॉक करता. खट्! मागच्या सीटवरचं मूल मान वर करून बघतं. कोणाला बघून तो खटका वाजला, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. घरी व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, ‘पोर किती काळवंडली गं, उन्हात सोडू नकोस.’ तुम्ही हसता. पोर ऐकत असते. या दोन धड्यांपुढे तुमच्या पोस्टरची काय मातब्बरी?

‘आमचा काय संबंध?’ असं म्हणूच नका. १९६५ पूर्वी या देशात भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, १९६४चा नागरी हक्कांचा कायदा करवून घेतला. त्याच लाटेत पुढच्या वर्षी तो कोटा गेला आणि तुमचा-माझा दरवाजा उघडला. आणि मंडळाच्या कार्यक्रमात जोतिबा फुल्यांच्या तसबिरीला हार घालता ना? १८७३ साली त्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून त्यांना संबंध दिसला. तुम्ही इथे राहून विचारता?

‘मुलं लहान आहेत, इतकं भयंकर कशाला सांगायचं?’ ही दुसरी सबब. अफझलखानाचा कोथळा चौथ्या वर्षी हातवारे करून सांगता, तेव्हा मूल लहान नसतं वाटतं? १९६० साली न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत मार्शलांच्या पहाऱ्यात, शिव्या देणाऱ्या गर्दीतून गेलेली रुबी ब्रिजेस सहा वर्षांची होती. तिला ते सोसावं लागलं. तुमच्या मुलाला नुसतं ऐकायचं आहे.

आता कामं लिहून घ्या. मुलांची नव्हेत, घराची.

पहिलं काम. १८६० सालच्या जनगणनेतली गुलामांची यादी इंटरनेटवर पाहायला मिळते. तिचं एक पान मुलाला शेजारी बसवून उघडा. मालकाचं नाव आहे. त्याखाली ओळीने वय, लिंग, रंग. ३५, स्त्री, काळी. ८, पुरुष, काळा. नावांचा पत्ता नाही. मग १८७०चं पान काढा. तिथे दक्षिणेतली ही माणसं पहिल्यांदा सरसकट नावानिशी येतात. मूल विचारेल, ‘आधी यांची नावं का नाही लिहिली?’ उत्तर द्या. विषय बदलायचा नाही.

दुसरं. रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीत काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. कामावर पायी गेले, नाहीतर एकमेकांच्या गाड्यांतून. तुम्ही एक शनिवार गाडीच्या किल्ल्या कपाटात ठेवा आणि देशी दुकानातून तांदळाची पिशवी चालत आणा. पाय दुखले की मुलाला सांगा, अजून ३८० दिवस.

तिसरं. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी शेतात झिजलेल्या पँट-शर्टांच्या गोधड्या शिवल्या. त्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या आहेत. त्यांची चित्रं बघा आणि घरातले जुने कपडे काढून मुलाबरोबर निदान हातभर तुकडा शिवा. टाके वाकडे येऊ द्यात.

चौथं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना टाइम्स स्क्वेअर दाखवून झाला, की लोअर मॅनहॅटनमधल्या आफ्रिकन बरिअल ग्राउंडलाही न्या. १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना तिथे काळ्या माणसांची जुनी दफनभूमी सापडली. बाहेर काढलेले ४१९ जणांचे अवशेष २००३ साली पुन्हा सन्मानाने पुरले. त्यांत कितीतरी लहान मुलं होती. न्यूयॉर्क कोणाच्या घामावर उभं राहिलं, ते मुलाला तिथे उभं राहून कळू दे.

एखादं उत्तर आलं नाही, तर ‘मला माहीत नाही, बघू’ म्हणायला लाजू नका. मात्र मग खरंच बघा. आणि त्या खटक्यापासून सुरुवात करा, त्याला ना वेळ लागतो ना पैसा. पुढच्या रविवारी मी मुलांना काहीही विचारणार नाही. तुम्हाला विचारणार आहे, एकेकाला उभं करून.