यदूचा अपराध

मोकळ्या तासाला मुले गोष्ट मागतात आणि मलाही मोह आवरत नाही. श्रावणात एकदा नववीच्या वर्गात अशीच ययातीची गोष्ट सांगितली. शुक्राचार्यांचा शाप, राजाला अकाली आलेले म्हातारपण, मुलांपुढे त्याने पसरलेला हात आणि शेवटी धाकट्या पुरूने आनंदाने देऊन टाकलेले तारुण्य. गोष्ट रंगली. पुरूपाशी आल्यावर माझा आवाज जरा दाटला. तो नेहमीच दाटतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘‘गुरुजी, पण यदूचा अपराध काय?’’

घंटा झाली म्हणून मी वाचलो.

घरी येऊन आदिपर्व पुन्हा उघडले. आपण ऐकलेल्या गोष्टीत थोरली मुले स्वार्थी म्हणून एका वाक्यात निकालात निघतात. व्यासांनी तसे केलेले नाही. त्यांनी एकेकाला बोलू दिले आहे. यदू म्हणतो, म्हातारपणी दाढी पांढरी होते, अंगाला सुरकुत्या पडतात, खाण्यापिण्याचे हाल होतात, चारचौघे हसतात. द्रुह्यूला हत्ती, घोडे, रथ सुटतील याची धास्ती वाटते. अनूचे म्हणणे तर मला फारच घरगुती वाटले. म्हातारा लहान मुलासारखा वेळीअवेळी, सांडतलवंडत जेवतो, अग्नीत आहुतीसुद्धा वेळेवर देत नाही, असे तो म्हणतो. ज्याच्या घरात एखादे थकलेले माणूस आहे, त्याला यातले काहीच खोटे वाटणार नाही.

पण गंमत अशी, की ययाती तरी दुसरे काय म्हणत होता? त्यालाही म्हातारपण नको होते, आणि नेमक्या याच कारणांसाठी नको होते. बापाला वाटते ते दुःख, आणि मुलाला तेच वाटले की तो आज्ञाभंग! बापाने तर तारुण्य एकदा भोगलेही होते.

आणखी एक गोष्ट इतकी वर्षे शिकवूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. पुरूची पाळी आली ती शेवटी, चौघांना शाप मिळून गेल्यावर. पुरूच्या मनात भय होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याला आधार नाही. परंतु ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नसेल, तर ‘हो’ला दान कसे म्हणावे? ती वसुली झाली. यदूला शिक्षा करून ययातीने पुरूच्याच पुण्याईला उणेपणा आणला, असे मला वाटू लागले आहे.

शाप असा होता, की यदूच्या वंशाला राज्य मिळणार नाही. राज्य पुरूला मिळाले. पुढे याच पुरूच्या कुळात शंतनू झाला. त्याला सत्यवती हवी होती. त्याने मुलाजवळ तोंडाने काही मागितलेही नाही, नुसता झुरत बसला. देवव्रताने राज्य सोडले, जन्मभर लग्न न करण्याची शपथ घेतली आणि तो भीष्म झाला. त्या शपथेचा चटका कोणाला बसला? अंबेला. तिला कोणी काही विचारलेच नव्हते. त्या घराण्याचा शेवट कुरुक्षेत्रावर कसा झाला, ते सांगायला नको. आणि शापित यदूच्या वंशात कोण जन्माला आले? श्रीकृष्ण. व्यासांनी हे जाणून योजले की नाही, हे पंडितांनी सांगावे. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला माणूस. मला ते ठसठशीत दिसते एवढे खरे.

आपल्या काळातल्या लेखकांनाही ही गोष्ट सोडवेना. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली. तीत ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. महाभारतात देवयानीचा निरोप घेऊन गेलेला कचही खांडेकरांनी परत आणला. पण ज्याने तारुण्य दिले त्या पुरूला स्वतःच्या तोंडाने सांगायला एक प्रकरण नाही. गिरीश कर्नाडांनी विशीत असताना कानडीत नाटक लिहिले, ते १९६१ साली छापले गेले. त्यांनी पुरूचे लग्न लावून दिले आणि त्याची बायको चित्रलेखा हिला रंगभूमीवर उभे केले. नवरा आज्ञाधारक निघाला. पण तिचे काय? ती सासऱ्याला त्याचा जाब विचारते आणि शेवटी जीव देते. पुत्रधर्माची किंमत कोणीतरी तिसरेच माणूस भरते, ही गोष्ट व्यासांनी अंबेच्या कथेत सांगितली होती, ती इथे पुन्हा दिसते.

हे सारे मला इतके का लागावे? सांगतो. मी मॅट्रिक झालो तेव्हा ताईच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर होते. वडिलांनी आधी दादाला बोलावले. दादा म्हणाला, ‘‘हुंडा देऊ नका म्हणून मी भांडलो होतो. ते कर्ज मी फेडणार नाही.’’ आणि तो मुंबईला निघून गेला. मग मला बोलावले. मी कॉलेजचा अर्ज फाडला आणि मास्तरकी धरली. गावात माझे नाव झाले. दादाचे नाव आमच्या घरात सहा वर्षे कोणी काढले नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मात्र तीन महिने त्यांच्या उशाशी बसला तो दादा. अनूने सांगितलेले ते सांडणेलवंडणे त्यानेच पुसले. मी शाळेत होतो.

माझ्या पहिल्या कादंबरीत दोन भाऊ आहेत. धाकटा घरासाठी झिजतो. थोरला पहिल्याच प्रकरणात गाडीत बसून जातो. दादाने ती वाचली आणि एवढेच म्हणाला, ‘‘तुझा धाकटा फार चांगला आहे रे. थोरल्याला एक तरी वाक्य द्यायचे होतेस.’’ मी हसून विषय बदलला होता.

सुटी संपली की त्या मुलीला उत्तर द्यायचे आहे. भाऊबीजेला आम्ही दोघे ताईकडे जमतो. आधी दादाला विचारून घेईन म्हणतो.