पाहुणी की घरची?

परमुलखातून शिकून आलेल्याला आपण हमखास विचारतो, ‘तेथे तुम्हांला आपलेपणा लाभला काय?’ उत्तर बहुधा माणसांच्या चांगुलपणाचे असते. कोणी जेवावयास बोलाविले, कोणी थंडीत लोकरीचे कपडे दिले, कोणी नाताळात घरी नेले. हा चांगुलपणा खोटा नसतो. परंतु आपलेपणा तो एवढाच काय, असा विचार कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र वाचताना मनात येतो.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. वडील रेव्ह. सोराबजी खरशेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात शाळा चालविली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून उत्तम यश मिळाल्यावर विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क पोहोचत होता; केवळ स्त्री म्हणून तो डावलला गेला. तेव्हा इंग्लंडातील सहृदय मंडळींनी वर्गणी जमविली, तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. १८८९ साली बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या.

हक्क गेला आणि त्याच्या जागी औदार्य आले. पैसा दोहोंकडून मिळतोच. पण शिष्यवृत्ती घेणाऱ्याची मान ताठ असते, वर्गणी घेणाऱ्याची थोडी लवलेली.

ऑक्सफर्डने त्यांचे कौतुक केले, यात शंका नाही. बेलियल कॉलेजचे वयोवृद्ध मास्टर बेंजामिन जॉवेट यांनी त्यांच्यावर मायेची पाखर घातली. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा त्यांना मिळाली. तोवर ती कोणाही स्त्रीला नव्हती. १८९२ साली विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस पुरुषांच्या बरोबरीने बसू दिले. त्या उत्तीर्णही झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊ लागले १९२० साली. बाईंच्या हाती ती १९२२ मध्ये पडली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

इंग्रज मुलींनाही पदवीचे दार बंदच होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. माझे म्हणणे निराळे आहे. बाईंसाठी जे जे दार उघडले ते मेहेरबानी म्हणून उघडले, आणि मेहेरबानीने उघडलेले दार मागून येणारीसाठी पुन्हा ठोठवावे लागते.

याच्या तोडीला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने ११ मार्च १८८६ रोजी त्यांना इतर विद्यार्थिनींच्या रांगेतच पदवी दिली. तेथील थंडी त्यांना सोसली नाही, अन्न मानवले नाही. प्रकृती ढासळली ती ढासळलीच. परंतु न्यू जर्सीतील कारपेंटरबाईंच्या घराने त्यांना लेकीसारखे वागविले, तेही त्यांनी आपला हिंदू धर्म व आचार सोडावा अशी अट न घालता. १८८७ साली पुण्यात त्या वारल्या, तेव्हा त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यात आली आणि कारपेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत तिला जागा मिळाली. संस्थेने हक्क दिला, घराने माया दिली. एकाने दुसऱ्याची उणीव झाकण्याची वेळ आली नाही.

पाहुण्याला सर्व काही मिळते, एक गोष्ट सोडून: त्याला तक्रार करता येत नाही. भाजीत मीठ कमी आहे, हे घरचे माणूसच बोलते. पुढील आयुष्यात कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या खंद्या समर्थक व गांधीजींच्या कडव्या टीकाकार राहिल्या. त्याची कारणे अनेक असतील. पण तरुणपणी घेतलेल्या उपकारांचे ओझे त्यांत मुळीच नसेल, असे मला वाटत नाही. आणि ह्याच बाई परद्यातील विधवांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे झटल्या! त्या स्त्रियांना दया नव्हे, हक्क हवा, हे त्यांना नेमके उमगले होते.

आज पुणे, बंगळूर, दिल्ली येथे आफ्रिकेतून व अन्य देशांतून मुले शिकावयास येतात. त्यांच्यातील कोणी आपल्या उपासनेसही येऊन बसतात. नाताळच्या कार्यक्रमात आपण त्यांना त्यांच्या भाषेतील गीत गावयास सांगतो आणि कौतुकाने टाळ्या वाजवितो. त्यांच्यापैकी एखाद्याने उद्या उभे राहून म्हटले, ‘तुमच्या मंडळीत मला खोली भाड्याने द्यावयास कोणी तयार नाही,’ तर आपण ते घरच्या मुलाचे बोलणे म्हणून ऐकून घेऊ, की पाहुण्याचा उद्धटपणा म्हणून?