सापडलेली वस्तू आणि तिची ओळख

पावसाळा सरल्यानंतरच्या एका शुक्रवारी, जुमाची नमाज आटोपल्यावर कल्याणचा एक तरुण मशिदीत थांबून राहिला. त्याने नुकतेच मेटल डिटेक्टर विकत घेतले होते आणि खाडीकाठच्या मातीत त्याला तांब्याचे एक नाणे सापडले होते. ‘‘मौलाना, हे माझ्यासाठी हलाल आहे का?’’ असे विचारत त्याने रुमाल सोडला. नाणे लखलखत होते. घरी नेताच त्याने ते चिंच आणि मीठ लावून घासले होते. हिरवट थर निघाला आणि त्यासोबत अक्षरेही गेली. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर का देता आले नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. सापडलेल्या वस्तूविषयी अल्लाहचे प्रेषित (स.) यांना विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी आधी ओळख जपण्याचा आदेश दिला. वस्तूची थैली आणि ती बांधलेली दोरी नीट ध्यानात ठेवावी, मग वर्षभर तिची जाहीर वाच्यता करावी, असे हदीसमध्ये आहे (बुखारी, मुस्लिम). दोरीला स्वतःची किंमत ती काय! पण खरा मालक आला, तर त्याच्या हक्काची साक्ष तीच देते. म्हणून ती दोरी अमानत आहे.

जमिनीत पुरलेल्या धनाबाबतही फुकहांनी खुणेवरूनच भेद केला आहे. इस्लामपूर्व काळाची खूण असलेले धन ‘रिकाज’ ठरते व त्यातील पाचवा हिस्सा काढून द्यावा लागतो. इस्लामी खूण असेल, तर ते ‘लुकता’, म्हणजे हरवलेली वस्तू मानून मालकाचा शोध घ्यावा लागतो. मुघल रुपयावर बादशहाचे नाव, टांकसाळ, हिजरी साल असते. शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’. ही अक्षरेच पुसली, तर मुफ्तीने निर्णय कशावरून द्यावा?

कोणी म्हणेल, मालक तीनशे वर्षांपूर्वी निवर्तला, आता हक्क कोणाचा? पण मालक दिसत नाही म्हणून हक्क संपत नाही. तो साऱ्या समाजाकडे येतो. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागी, खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरी याचे १०१७ सालचे ताम्रपट निघाले. कोणी, कोणाला, काय दान दिले, हे त्यांवर कोरलेले होते. सापडणाऱ्याने ते तांबे म्हणून वितळवले असते, तर ती साक्ष कायमची मुकी झाली असती.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. हक्क सांगणाऱ्यांनी हजर राहावे म्हणून ते जाहीर सूचना काढतात आणि त्यासाठी चार महिन्यांनंतरचा, पण सहा महिन्यांच्या आतला दिवस ठरवतात. हदीसमधील वर्षभराच्या वाच्यतेची येथे आठवण व्हावी. नागरिक म्हणून हा नियम पाळणे आपल्यावर बंधनकारक आहे.

म्हणून या छंदात नव्याने पडलेल्या बांधवांनी एवढे करावे. परवानगीशिवाय कोणाच्या जमिनीत खणू नये. संरक्षित किल्ले व लेणी यांच्या परिसरात तर यंत्र नेऊच नये. वस्तू निघाली की जागा, खोली व तारीख लिहावी, छायाचित्र घ्यावे, वजन करावे. सुटी माती मऊ ब्रशने हलकेच झटकावी आणि तेथेच थांबावे. लिंबू, चिंच, राख, तेजाब काहीही लावू नये. पुढची स्वच्छता जाणकारांवर सोपवावी.

तो तरुण खजील होऊन म्हणाला, ‘‘मौलाना, मी ते नुसते स्वच्छ करीत होतो.’’ मी म्हणालो, ‘‘हेतू चांगला होता, पण वस्तू तुझी आहे हे ठरण्याआधीच तू मालकासारखा वागलास. आता जागा आठवेल तेवढी लिही आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दे.’’ आम्ही तो अर्ज तेथेच बसून लिहिला. नाणे घासले गेले, हेही त्यात प्रामाणिकपणे नमूद केले.

अमानत ज्याची त्याला पोहोचवा, हा कुरआनचा आदेश आहे (सूरह अन्‌-निसा, ५८). ती कोणाची हे कळेपर्यंत तिची खूण जपणे, हाही त्या आदेशाचाच भाग होय. अल्लाह आपणा सर्वांना अमानत ओळखण्याची व जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.