धक्क्याला लागताना

२५ जून २०२५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास शुभांशु शुक्लांचं यान फ्लोरिडातून उडालं. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी एक भारतीय अंतराळात निघाला होता. ऊर भरून यावा असाच तो क्षण. तरी मला दुसऱ्या दिवशीची दुपार अधिक मोलाची वाटते. चारच्या ठोक्याला त्यांचं ड्रॅगन यान अंतराळस्थानकाला लागलं. पडद्यावर दोन्ही जागच्या जागी उभी दिसत होती. खरं तर दोन्ही ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती धावत होती, आणि एकमेकांकडे सरकत होती ती सेकंदाला काही सेंटिमीटर. कोकणात तांडेल लाँच धक्क्याला लावतो, त्याहूनही हळू.

ही सबुरी माणसाला शिकावी लागली. जून १९६५मध्ये जेमिनी-४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाऊ पाहत होते. त्यांनी यान सरळ त्याच्या दिशेने रेटलं. तो जवळ यायचा सोडून लांबच जाऊ लागला आणि इंधन मात्र भराभर सरत गेलं. कक्षेत पुढच्याला गाठायला जोर लावला, की यान वर चढतं, फेरी लांबते आणि आपण मागे पडतो. गाठायचंच तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं, लहान फेरीत अंतर कापायचं, मग वर यायचं. मॅकडिव्हिट पट्टीचे वैमानिक होते. पण जमिनीवर आणि हवेत अंगात भिनलेली समज तिथे उलटी पडते.

म्हणून मला इस्रोचं फार कौतुक वाटतं. १२ जानेवारी २०२५ला स्पेडेक्स या अंतराळातल्या जोडणीच्या प्रयोगातले दोन उपग्रह एकमेकांपासून तीन मीटरवर आणले आणि पुन्हा लांब नेले. आधी माहिती तपासू, मग जोडू. हातातोंडाशी आलेला घास असा बाजूला ठेवायला छाती लागते! जोडणी झाली १६ जानेवारीला.

आणि यान लागलं तरी दार लगेच उघडत नाही. ड्रॅगनचे आकडे घट्ट बसले, तरी शुक्ला आणि त्यांचे तीन सोबती आतच. दोन दारांमधल्या बोळकांडीत हवा भरायची, ती कुठून झिरपतेय का पाहायचं, दोन्हीकडचा दाब सारखा करायचा. अठ्ठावीस तासांचा प्रवास मागे पडलेला, पलीकडे सात जण वाट पाहत असलेले. तरी दीड तासाहून जास्त वेळ कुणी कडीला हात लावला नाही.