दगडांचा एक दिवस, भेटीचे बाकी सारे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळस रोवलेला असतो. सावरगावातले एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या हा पळस आणते. त्याची पूजा होते, झेंडा बांधला जातो आणि मग एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये गोट्यांचा मारा. हीच गोटमार. कोणी कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत पोहोचतो, कोणी फुटक्या कपाळाने अर्ध्यातून परततो. दर वर्षी शेकडो जखमी होतात. माणसे दगावलीही आहेत. अखेर झाड पडते, चंडीमातेचा जयजयकार होतो आणि इतका वेळ एकमेकांवर दगड फेकणारी माणसे एकत्र येऊन झेंडा देवीच्या चरणी वाहतात. दुसऱ्या दिवशी नदीवरच्या पुलावरून रोजची ये-जा सुरू होते.

गोटमारीची जी कथा गावात सांगतात, ती दोन काठांच्या वैराची आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. दोन्हीकडून दगड आले आणि दोघे पात्रातच संपली. कथा खरी की रचलेली, याचा निवाडा करण्याची गरज नाही. वैराची पहिली शिकार नदी ओलांडू पाहणारा माणूस असतो, हे गावाने ओळखले आणि विसरू दिले नाही, एवढे तिच्यातून कळते.

ओलांडू पाहणाऱ्या या माणसाचाच विचार मला इथे करायचा आहे. दोन देशांचे भांडण सरकारांचे असले, तरी सामान्य माणसांनी एकमेकांकडे जावे, राहावे, शिकावे, ही कल्पना आज ओळखीची वाटते. ती एका दिवसात आलेली नाही आणि तिच्या घडणीत आपल्या मुलखातल्या माणसांचा वाटा मोठा आहे.

सुरुवात सेवेतून झाली. १९३८मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. पुढे वीस वर्षांनी भारत आणि चीन युद्धात उतरले. तरीही चीनचे नेते भारतात आले, की कोटणीसांच्या कुटुंबीयांची भेट घेत राहिले. सरकारांचे करार मोडल्यावरही एका डॉक्टरचे ऋण दोन्हीकडे मानले गेले.

१९६२ साली या कल्पनेत दुसरी गोष्ट मिसळली: विश्वास. त्या सप्टेंबरात विनोबा पूर्व पाकिस्तानातून पायी चालले आणि तिथेही त्यांना भूदान मिळाले. त्याच वर्षी त्यांचा आशीर्वाद घेऊन सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनकडे निघाले. खिशात पैसा ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. पाकिस्तानच्या सीमेवर काळजीपोटी कोणी बरोबर शिधा देऊ लागले, तेव्हा त्यांनी तो नाकारला. यजमानाच्या दारी आपले अन्न घेऊन जाणे म्हणजे त्याच्यावरचा अविश्वास बरोबर नेणे, असा त्यांचा विचार होता. पुढे सोव्हिएत संघात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांसाठी. बॉम्बचे बटण दाबण्याची वेळ आली, तर आधी एक कप चहा घ्या आणि विचार करा, एवढाच त्यांचा निरोप होता. महासत्तांशी बोलायला त्या बायकांकडे दुसरे काही नव्हते. त्यांनी जे होते ते दिले.

पण सेवा आणि विश्वास या दोन्ही गोष्टी व्यक्तीच्या बळावर उभ्या असतात. व्यक्ती गेली, की वाट बुजते. म्हणून तिसरा टप्पा महत्त्वाचा: भेटीचा नेम, तोही सरकारी तिजोरीतून चालणारा. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले होते. १९६३मध्ये दोघांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय उघडले. खर्च दोघांचा, कारभार दोघांचा. आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण त्यातून एकमेकांकडे राहून आले. तिथे कोणा एका थोर माणसाच्या तळमळीची वाट पाहावी लागत नाही. मूल शाळेत असतानाच नदी ओलांडते.

यावर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप, अशा दारातून हेरही येतात. खरे आहे. १९५८मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी देवाणघेवाणीचा करार केला. पहिल्याच तुकडीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेल्यांपैकी ओलेग कालुगिन हे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचे होते. पण त्याच तुकडीत अलेक्झांडर याकोव्हलेव्हही होते, जे पुढे गोर्बाचेव्ह यांच्या खुलेपणाच्या धोरणाचे शिल्पकार ठरले. दार बंद ठेवले असते, तर हेराने दुसरी वाट शोधली असती. याकोव्हलेव्ह यांना ती सापडली नसती.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्राची होती. त्या घरांना कोणत्या तोंडाने भेटीगाठींचे सांगायचे? मी सांगणार नाही. बंदूक घेऊन आलेल्याला बंदुकीनेच थांबवावे लागते आणि ते सैन्याचे काम आहे. नागरिकांच्या भेटी त्या कामाची जागा घेत नाहीत. शेजारी देशातल्या शाळकरी पोराच्या मनात आपल्याविषयी काय भरले जाते, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला कोणत्याही तोफेकडे उत्तर नाही.

हे नागपूरच्या निर्मला देशपांडे यांना आयुष्यभर ठाऊक होते. विनोबांच्या भूदान यात्रेत हजारो किलोमीटर चाललेल्या या बाईंनी कारगिलच्या युद्धानंतर वर्षही उलटले नव्हते, तेव्हा, मार्च २०००मध्ये, भारतीय स्त्रियांची बस लाहोरला नेली. १ मे २००८ रोजी त्या गेल्या. त्यांच्या अस्थींचा काही भाग पाकिस्तानात, सिंधू नदीत विसर्जित झाला आणि पुढच्या वर्षी त्या देशाने त्यांना मरणोत्तर ‘सितारा-ए-इम्तियाज’ दिला. पांढुर्ण्याहून रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते, त्या नागपुरात जन्मलेल्या बाईच्या अस्थी सिंधूने सामावून घेतल्या.

आणि तरीही त्यांच्या मागे नेम उरला नाही. समझोता एक्सप्रेस १९७६मध्ये सुरू झाली, २०१९मध्ये थांबली. पहलगामनंतर अटारीचे दारही बंद झाले. सुरळीत दिवसांतही व्हिसा ठरावीक शहरांपुरता मिळे आणि बहुतेकांना पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. आपल्याकडे ही कल्पना पहिल्या दोन टप्प्यांवरच अडली आहे: सेवाभावी माणसे आहेत, विश्वास ठेवणारी आहेत, पण तणाव वाढला की सर्वांत आधी तोडली जाते ती त्यांचीच वाट.

पांढुर्णा आणि सौंसरला सीमा म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण बाजार, दवाखाना, सोयरीक नागपूरकडेच राहिली आणि तिकडची माणसे जामसावळीच्या मारुतीला येतच राहिली. रेघ कागदावर ओढली गेली, पण येणे-जाणे थांबले नाही, म्हणून ती कोणाच्या मनावर उमटली नाही. दूरच्या सीमांचाही आपल्याशी संबंध आहेच. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवले, तेव्हा भाव आपल्या बागांमधला पडला.

गोटमार बंद करण्यासाठी प्रशासनाने बंदीहुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. काही चालले नाही. मला त्या रक्ताचे कौतुक नाही आणि ते थांबावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण त्या दोन काठांकडे एक गोष्ट आहे, जी भारत आणि पाकिस्तानकडे नाही: दगड वर्षातून एक दिवस, येणे-जाणे उरलेले सारे दिवस. देशांचा हिशेब उलटा झाला आहे. तिथे दगड बारमाही आणि भेट सणासुदीपुरती.

दर वर्षी गोटमारीच्या आधी शांतता समितीची बैठक बसते. दोन्ही काठांची माणसे समोरासमोर बसतात, बोलतात आणि उठून जातात. पांढुर्णा २०२३मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि जाणत्यांना माझी एकच विनंती आहे. ती बैठक वर्षभर चालू द्या आणि तिच्यात दोन्ही काठांची मुले बसवा. पांढुर्ण्याच्या मुलाने चार दिवस सावरगावच्या घरी राहावे, सावरगावच्या मुलीने पांढुर्ण्यात. जाम नदी ओलांडायला व्हिसा लागत नाही. सुरुवात तिथून करता येते.