निळा दिवा आणि पोवळ्याचे हित

परोपकाराची परीक्षा खरी अवघड होते ती परोपकार आणि स्वतःची आवड ही दोन्ही एकाच वाटेने चालू लागली म्हणजे. दान देताना दात्यास थोडी झीज सोसावी लागली, तर त्याचा हेतू पुष्कळसा कळून येतो; परंतु ज्या दानाने दात्यालाच सुख होते, त्यात दान किती व भोग किती हे कोणी ठरवावे? प्रश्न जुनाच आहे. येथे तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने विचारावयाचा आहे. काचेच्या टाकीत जिवंत पोवळी पाळणारे हौशी लोक टाकीवर जो निळा दिवा लावतात, तो दिवा ही ती वस्तू होय.

पोवळे आपल्या घरात आले ते अंगठीतला खडा म्हणून, नाही तर वैद्याच्या पुडीतले प्रवाळभस्म म्हणून. अर्थात मृत पदार्थ म्हणून. जिवंत पोवळे हा प्राणी आहे ही गोष्ट सामान्य माणसाच्या ध्यानी उशिरा आली. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येक पिढ्यांस समुद्रातील जीव काचेआड दाखविले. रत्नागिरीतही सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात मुलांनी काचेला नाक लावून मासे पाहिले आहेत. माशांची ही हौस पुढे घरोघर गेली, आणि तिचेच सर्वांत नाजूक व खर्चाचे टोक म्हणजे पोवळ्यांची टाकी. तिच्यावर लावावयाचा निळा दिवा सुलभ झाला तो १९९० नंतरच्या दशकात निळा प्रकाश देणारे एलईडी तयार होऊ लागल्यापासून. त्या शोधाबद्दल तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा दिवा निळाच का? मिरजोळ्यासारख्या कातळावरच्या गावातून रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे उतरणारास समुद्र बारमाही एका रंगाचा दिसत नाही. पावसाळ्यात तो मातकट असतो, पुढे निवळत हिरव्या-निळ्या छटेवर येतो. भर समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे पूर्वी मानीत. चंद्रशेखर व्यंकट रामन १९२१ साली विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीने मुंबईस परत येत असता त्यांनी साध्या उपकरणांनी हे मत तपासले, आणि पाणी स्वतःच प्रकाश विखुरते असे दाखविले. शिवाय पाणी तांबडा प्रकाश गिळते. स्वच्छ समुद्रातही दहा मीटरांच्या आत त्यातील बहुतेक नाहीसा होतो. खाली उरतो तो निळा. पुष्कळ पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते ह्या उरलेल्या प्रकाशावर अन्न तयार करते, आणि त्यातील मोठा वाटा यजमानास मिळतो. सुमारे ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ह्या शैवालास विशेष मानवतो. तेव्हा निळा दिवा लावणारा मनुष्य पोवळ्यास अन्नच देत असतो, ह्यात संशय नाही.

परंतु तोच दिवा आणखी एक काम करतो. कित्येक पोवळ्यांच्या शरीरातील काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. दिवाणखान्यातील इतर दिवे मालवून टाकीचा निळा दिवा तेवढा ठेवला, की आतील जीव निखाऱ्यासारखे पेटून उठतात. पाहुणे थक्क होतात. मालक कृतार्थ होतो. आता विचारावे, की दिवा निळा आहे तो कोणासाठी?

कोणी म्हणेल, दोघांचेही भले होत असता हा कीस काढावा कशाला? आक्षेप वाजवी आहे. आनंद मिळाला म्हणून उपकाराचे पाप होत नाही. आईला मूल जेवताना पाहून सुख होते, म्हणून तिचे वाढणे स्वार्थी ठरत नाही. मात्र दोन हेतू जोडीने चालत असता त्यांतला धनी कोणता, हे वाट फुटते त्या ठिकाणीच कळते. आणि वाट फुटते.

ती प्रथम फुटते रात्री. पाहुणे दहा वाजता येतात. पोवळ्याचा दिवस मात्र सूर्यास्तालाच संपलेला असतो. कित्येक पोवळ्यांची प्रजननाची वेळ चांदण्याच्या व अंधाराच्या क्रमावर ठरते. रात्रीच्या कृत्रिम उजेडाने तो क्रम बिघडतो. प्रकाश प्रमाणाबाहेर झाला तर शैवालाचे कार्य बिघडून पोवळे त्यास अंगाबाहेर टाकते व पांढरे पडते. दुसरी वाट फुटते ती ‘नैसर्गिक’ ह्या शब्दापाशी. निळ्या काळोखास आपण समुद्र म्हणतो, पण तो कोणता समुद्र? मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात पोवळी आहेत. तो प्रदेश १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात निळा प्रकाश लवकर विरतो व हिरवट उजेडच अधिक खाली पोचतो. म्हणजे निळी टाकी ही प्रत्येक पोवळ्याच्या माहेराची प्रतिकृती नव्हे. पुष्कळदा ती आपल्या कल्पनेतील समुद्राची असते.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची. पिंजऱ्यातील राघू उपाशी राहिला तर निदान ओरडतो. पोवळ्यास वाचा नाही. आपले दुखणे ते रंगानेच सांगते. निव्वळ निळ्या दिव्याखाली तो रंग नीट वाचता येत नाही. फिकट होत चाललेले पोवळेही तेथे झळाळते. इतकेच नव्हे, तर शैवाल गमावू लागलेली काही पोवळी ती चमकणारी प्रथिने अधिकच निर्माण करतात, आणि आजारी जीव निरोग्याहून देखणा दिसतो. जो दिवा त्यास पोसतो, तोच त्याचे गाऱ्हाणे झाकतो. म्हणून जाणता हौशी रोज थोडा वेळ पांढरा दिवा लावून टाकी पाहतो. त्या उजेडात पोवळी तपकिरी व साधी दिसतात. परंतु ती खरी दिसतात. हौस आणि माया ह्यांतील अंतर त्या काही मिनिटांत मोजता येते.

दिव्याच्याही आधीचा प्रश्न, तो प्राणी टाकीत आला कोठून, हा आहे. आपल्या देशात कठीण पोवळ्यांस २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे; ती समुद्रातून तोडून आणणे हा गुन्हा होय. चोरून आणलेल्या जीवास उत्तमातला उत्तम उजेड दिला, तरी तो न्याय होत नाही.

जे जीव सर्वस्वी आपल्या हाती असतात, तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, मुकी जनावरे, त्यांच्या बाबतीत आपण असेच दिवे लावीत असतो. ज्या उजेडात ती आपणास गोड दिसतात, तोच त्यांच्या हिताचा उजेड असे आपण धरून चालतो. कित्येकदा ते खरेही असते. पण ते खरे आहे की नाही, हे पाहण्यासाठी आपणास न आवडणारा एक दिवा हाताशी असावा, आणि तो लावण्याचा कंटाळा करू नये.