पाहणे आणि दिसणे

‘मुलांना जग दाखवावे’ असे आपण सहज म्हणतो. ऐपत असेल तर दाखवावेही. पण दाखवणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला पडला तो रोममध्ये, आणि त्याचे उत्तर हाती आले ते आपल्या सोलापूरच्या रेल्वे स्थानकाबाहेर.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही उभयता आठ वर्षांची कन्या आणि पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन रोमला गेलो. कित्येक वर्षांची पुंजी खर्ची पडत होती, म्हणून प्रेक्षणीय स्थळांची यादी मी काटेकोरपणे आखली होती. मुलांना त्या यादीचे सोयरसुतक नव्हते. सिस्टाईन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोच्या छतचित्रांखाली मुलाने पाय दुखतात म्हणून रडे काढले. त्रेवीच्या कारंज्यापाशी मात्र दोघे हलेनात. तिथली नाणी गोळा करून ‘कारितास’ या सेवासंस्थेमार्फत गोरगरिबांसाठी खर्च होतात, हे कळताच कन्येने आणखी एक नाणे मागून घेतले. मी घड्याळ पाहत होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही संत पेत्राच्या चौकात आलो. बर्निनीने सतराव्या शतकात उभारलेले ते २८४ स्तंभ, वर १४० संतांचे पुतळे! ख्रिस्तसभा मातेसारखे बाहू पसरून सर्वांना कवेत घेते, अशी त्या शिल्पकाराची कल्पना. मी हे सारे उत्साहाने सांगत होतो, पण कन्या वर पाहतच नव्हती. दोन स्तंभांच्या मध्ये पुठ्ठा अंथरून पडलेल्या एका वृद्धावर तिची दृष्टी खिळली होती. मे असला तरी हवेत गारवा होता.

“पप्पा, त्यांच्याकडे चादर नाही. आपल्या बॅगेत आहे ना?”

होती. ओळखीच्या एका सिस्टरना भेट देण्यासाठी मुद्दाम नेलेली सोलापुरी चादर. तेथूनच आम्ही त्यांच्याकडे जाणार होतो.

“ती सिस्टरसाठी आहे,” मी म्हणालो.

“पण संत मार्टिननी तर अंगावरचा झगा अर्धा कापून दिला होता!”

धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली गोष्ट तिने माझ्यापुढे ठेवली. मजजवळ उत्तर नव्हते. “उशीर होतोय,” एवढे म्हणून मी तिचा हात ओढत पुढे निघालो.

परतल्यावर सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सोलापूरला उतरलो. स्थानकाबाहेर पोत्यावर अंग मुडपून एक आजी पडल्या होत्या. मुले त्यांना वळसा घालून रिक्षाकडे धावली. मी थबकलो. रोममध्ये जिला परका म्हातारा दिसला, तिला आपल्या गावची आजी का दिसू नये?

कारण उघड होते. न पाहता पुढे जाण्याचा धडा या रस्त्यावर मीच तिला वर्षानुवर्षे दिला होता. शब्दांनी नव्हे, हात ओढून. परक्या शहरात तो धडा ती क्षणभर विसरली, एवढेच.

कोणी म्हणेल, प्रत्येकाला चादर देणे कोणाला शक्य आहे? खरे आहे. लेकुरवाळ्या माणसाला पावलोपावली थांबता येत नाही. परंतु देता न येणे वेगळे आणि दिसेनासे होणे वेगळे. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांनाही तो जखमी मनुष्य दिसला होता. पण वाट बदलून ते पुढे गेले. अशी वाट रोज बदलली की पुढेपुढे दिसणेच थांबते. याउलट, २०१५ साली, पोप फ्रान्सिस यांच्या काळात, त्याच स्तंभांजवळ बेघरांसाठी स्नानगृहांची आणि न्हाव्याची सोय झाली. तेथे निजणारी माणसे कोणाला तरी दिसली, म्हणूनच ना?

मी रिक्षा थांबवायला सांगितली. कन्येला घेऊन मागे गेलो. आजींना चहा-पाव दिला, त्यांचे नाव विचारले. फार काही केले नाही. चादर तर केव्हाच भेट दिली गेली होती.

वाचकहो, आपली मुले जग पाहतच असतात. आपण त्यांचे हात किती ओढतो, एवढेच तपासून पाहावे.